हिरवळीचा फेरफार

ज्या मनुष्याने 33 वर्षे महसूल खात्याची चाकरी केली, त्यातला उत्तरार्ध तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढला, आणि वारस, वाटणी, बक्षीसपत्र, गहाणखत व बांधाचे तंटे यांच्या निमित्ताने ज्याच्या टेबलावरून हजारो एकर जमीन तांबड्या रुमालात बांधलेली अशी इकडून तिकडे गेली, त्या मनुष्याला आपल्याच परसातील 600 चौरस फूट जमिनीवरचे जुने गवत काढून तेथे नवे गवत लावणे हे फार तर दोन रविवारांचे काम वाटावे, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. आश्चर्य इतकेच, की या 33 वर्षांत त्याच्या हाती कुदळ एकदाही आलेली नव्हती, हे त्याच्या ध्यानात यायला कुदळच हाती घ्यावी लागली.

आमचा मूळ वाडा नदीकाठच्या पेठेतला. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंती मुठेच्या स्वाधीन झाल्या. मी तेव्हा शाळकरी पोर होतो आणि शाळा काही दिवस बंद राहणार या वार्तेने मला जो आनंद झाला, त्याबद्दल अजूनही मला अधूनमधून संकोच वाटतो. पुढे वडिलांनी पर्वतीच्या पायथ्याकडील एका सहकारी गृहरचना संस्थेत भूखंड घेऊन त्यावर चार खोल्यांचे बैठे घर उठवले, आणि घरामागे 30 फूट लांब व 20 फूट रुंद एवढी जागा मोकळी सोडून तिच्यावर हिरवळ लावली. पेठेतल्या मनुष्याला हिरवळीचा परिचय असण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. तेथे हिरवे म्हणून जे काही असे ते मोरीच्या भिंतीवरचे शेवाळ. परंतु वडील लष्कराच्या हिशेब कचेरीत नोकरीला होते, कॅम्पातील बंगल्यांसमोरचे तुळतुळीत हिरवे गालिचे त्यांनी वर्षानुवर्षे सायकलवरून पाहिले होते, आणि इंग्रज जाताना जी मालमत्ता मागे ठेवून गेला तिच्यात आपलाही काही हिस्सा असावा ही त्यांची आकांक्षा त्या 600 चौरस फुटांत सफल झाली.

हिरवळ कापण्याचे एक यंत्रही त्यांनी जुन्या बाजारातून पैदा केले होते. या यंत्राची कल्पना 1830 साली इंग्लंडातील एडविन बडिंग नावाच्या कारागिराला, लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून सुचली, असे फार पुढे माझ्या वाचनात आले, तेव्हा त्या यंत्राच्या स्वभावाचा मला उलगडा झाला. कापडावर ते निःसंशय उत्तम चालले असते. आमच्या परसात ते चार हात जाऊन एखाद्या खड्याशी अडे, वडील त्याला मागे घेत, पुन्हा पुढे रेटत, आणि त्या खडखडाटाने दुपारी एक ते चार या वेळात झोपलेली सारी सोसायटी जागी होई. पुण्यात याहून मोठा अपराध नाही. वडिलांच्या पश्चात यंत्र भंगारवाल्याने नेले आणि गवत माझ्या वाट्याला आले.

त्यांनी लावली होती ती साधी हरळी, म्हणजे आपली दूर्वाच. चाळीस वर्षांनंतर तिची अवस्था एखाद्या खालसा झालेल्या संस्थानासारखी झाली होती. आंब्याच्या सावलीत टक्कल, धुण्याच्या दोरीखाली पायवाट, नळाजवळ बारमाही चिखल, कुंपणाच्या कडेने गाजरगवत (जे या देशात 1950 च्या दशकात प्रथम आमच्या पुण्यातच नोंदले गेले, आणि पुणेकर जी गोष्ट होऊन कोणाला सांगत नाहीत अशी ही बहुधा एकमेव), आणि उरलेल्या सर्व क्षेत्रावर लव्हाळा. लांबून पाहणाऱ्यास तो हिरवा दिसे म्हणून आम्ही त्यालाच हिरवळ म्हणत होतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माळीबुवांना बोलावले. त्यांनी उकिडवे बसून एक काडी उपटली, ती दोन बोटांत फिरवली आणि वैद्याने नाडी सोडावी तशी टाकून दिली.

"साहेब, ह्ये लव्हाळं. वरनं कापून काय उपेग न्हाई. खालनं काढाय पायजे. येक गाठ ऱ्हायली, का पावसात परत हाये तिथंच."

तीन माणसे, चार दिवस, माती, शेणखत आणि नवे गवत धरून त्यांनी 18 हजारांचा आकडा सांगितला. माझ्यासमोर आलेले कोणतेही अंदाजपत्रक पहिल्या फेरीत मंजूर करण्याची मला सवय नव्हती. त्रुटी काढून ते परत पाठवणे हा नुसता अधिकार नसून ते कर्तव्य आहे, असे मी आयुष्यभर मानत आलो. "पाहून कळवतो," असे म्हणून मी त्यांची बोळवण केली आणि घरात येऊन जाहीर केले की हे काम मी स्वतः करणार.

"अहो, अठरा हजार गेले तर जाऊ देत, पण त्यालाच सांगा," पत्नी म्हणाली. "तुमची कंबर त्याहून महागात पडेल."

यानंतर ती स्वयंपाकघरात जाता जाता रिकाम्या न्हाव्याविषयी काही पुटपुटली, ते मी दप्तरी दाखल केले नाही.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीतून कुदळ, फावडे, पहार, खुरपे, दंताळे आणि दोन घमेली अशी सामग्री आणली. "दांडा बाभळीचा देऊ ना?" असे दुकानदाराने विचारले, तेव्हा जणू मी बाभळीखेरीज दुसऱ्या दांड्याला कधी हात लावलेलाच नाही अशा मुद्रेने मी मान डोलावली. पहाटे साडेपाचाला, पूर्वेकडे तोंड करून, धोतर नेसण्याची सवय सुटल्याबद्दल मनातल्या मनात हळहळून आणि पायजमा घोट्यापर्यंत दुमडून मी पहिला घाव घातला. कुदळ जमिनीत गेली नाही. टण्णकन आवाज होऊन ती उसळली, आणि त्या आघाताचा जो भाग जमिनीने नाकारला तो दांड्यावाटे माझ्या खांद्यात जमा झाला. चार बोटे माती आणि खाली मुरूम, असा आमच्या भागातील भूगर्भाचा सारांश आहे. शिवाय मे महिना. आदल्या रात्री जमीन भिजवून ठेवली पाहिजे, ही गोष्ट मला कोणत्याही शेतकऱ्याने सांगितली असती. असे शेतकरी 33 वर्षे माझ्या टेबलासमोर उभे होते, परंतु मी त्यांच्याजवळ कागदाखेरीज दुसऱ्या कशाची कधी चौकशी केली नाही.

तिसऱ्या दिवसापासून जमीन वश होऊ लागली आणि लव्हाळ्याचे खरे स्वरूप प्रकट झाले. वर दिसते ती केवळ त्याची कचेरी. खरा कारभार जमिनीखाली चालतो. एक काडी धरून हलकेच ओढत गेले, की खाली बोराच्या बीएवढी, काळसर तपकिरी, सालीवर केस असलेली एक गाठ लागते. त्या गाठीपासून तारेसारखा चिवट धागा निघून वीतभर अंतरावर दुसऱ्या गाठीला जाऊन मिळतो, तिच्यापासून आणखी दोन धागे फुटतात, आणि अशा रीतीने एखाद्या जुन्या घराण्याच्या वंशावळीप्रमाणे ती शाखाविस्तार पावते. फरक इतकाच, की वंशावळीत मधली एखादी शाखा निपुत्रिक निघून प्रकरण संपण्याची आशा असते. लव्हाळ्यात निपुत्रिक कोणीच नाही. धागा ओढताना तुटतो, गाठ जमिनीतच राहते, आणि एकटी राहिलेली गाठ अधिक जोमाने फुटते.

एक गाठ मी नखाने सोलून नाकाशी नेली आणि थबकलो. कापूर, ओली माती आणि जुन्या लाकडी पेटीचा वास एकत्र व्हावा असा तो गंध माझ्या पूर्ण परिचयाचा होता, पण कोठला ते केल्या आठवेना. पत्नीने वास घेतला आणि क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला, "उटणं!" नरकचतुर्दशीच्या पहाटे कुडकुडत ज्या सुगंधी चूर्णाने अंग घासून घेतले, त्यातला नागरमोथा म्हणजे याच भाऊबंदकीतला. आयुर्वेदात यालाच मुस्ता म्हणतात. तेव्हा कॉलेजात असताना शिकलेले शाकुंतल आठवले. दुसऱ्या अंकात राजा मृगया तहकूब करतो आणि रानडुकरांना डबक्याच्या काठी निर्धास्तपणे मुस्ता उकरण्याची मुभा देतो. आमच्या क्रमिक पुस्तकात त्या शब्दावर "एक प्रकारचे गवत" एवढीच टीप होती. आता मला कळले, की जे काम कालिदासाने समजून उमजून रानडुकरांकडे सोपवले होते, ते मी सेवानिवृत्तिवेतनावर जगणारा मनुष्य गुडघे टेकून खुरप्याने करीत होतो.

कुंपणापलीकडे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. माझे उत्खनन ते चहाचा पेला हाती घेऊन रोज पाहत असत. चौथ्या दिवशी त्यांना राहवले नाही.

"1977 साली होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर एक ग्रंथ लिहिला," ते म्हणाले. "त्यात पहिला नंबर कोणाचा, माहीत आहे? लव्हाळा. आणि दुसरा? हरळी! तुमच्याकडे दोन्ही नांदताहेत. अभिनंदन!"

दूर्वेला हा दर्जा मिळालेला ऐकून मला धक्का बसला. अनलासुराला गिळल्यावर गजाननाच्या अंगाचा जो दाह झाला तो 88 हजार ऋषींनी प्रत्येकी 21 दूर्वा वाहून शमवला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु एवढ्या दूर्वा ऐन वेळी कोठून मिळाल्या असतील, ही शंका कोणाही भाविकाच्या मनात येत नाही. प्राध्यापकांमुळे तिचे निरसन आपोआप झाले. आणि तुकोबांनी महापुराच्या दृष्टांतात वृक्षांना बाजूस सारून मान दिला तोही या लव्हाळ्यालाच. ज्या पुरात आमचा वाडा गेला, त्याच पुरात नदीकाठचा लव्हाळा जागच्या जागी राहिला असणार, आणि आम्ही वाडा सोडून येथे आलो तर हाही आमच्या आधी येथे येऊन बसलेला होता.

खणता खणता माझ्या मनातील महसुली खाते जागे झाले. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 हा त्यातला कृषक दिन, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. या कायद्याखालची प्रकरणे पाहण्यात माझी नजर अर्धी झाली. त्या दृष्टीने पाहू जाता या 600 चौरस फुटांत दप्तरी मालक मी होतो, परंतु प्रत्यक्ष वहिवाट लव्हाळ्याची होती. ती उघड होती, अखंड होती आणि बारा वर्षांची मुदत तिने तिसऱ्यांदा ओलांडली होती. मी या जमिनीत कधी घाम गाळला नव्हता, खंड घेतला नव्हता, पीकपाहणीलाही फिरकलो नव्हतो. ही परसदारची जागा शेतजमीन नव्हे, ती बिगरशेती आहे, ही एकच तांत्रिक सबब माझ्या बाजूची होती, आणि तेवढ्या बळावर मी बेदखलीची कारवाई पुढे चालू ठेवली.

पंचनाम्याला पंच म्हणून चार साळुंक्या नेमाने हजर असत. कुदळीमागे एका हाताच्या अंतराने चालत त्या हुमणीच्या पांढऱ्या, अर्धचंद्राकृती अळ्या उचलीत. त्यांच्याइतके तत्पर पंच मला नोकरीत एकदाही लाभले नाहीत. जप्त मुद्देमालात तीन गोट्या, पितळी नळाची चावी, गंजलेला झारा आणि धुण्याचे अकरा चिमटे निघाले. झारा पाहून पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. हा झारा पळवल्याच्या संशयावरून 1979 साली एका मोलकरणीला काढून टाकण्यात आले होते.

खणलेली सारी जमीन मे महिन्याच्या उन्हात पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिनाभर झाकून ठेवावी, म्हणजे तणाचे बी शिजून मरते, असा प्राध्यापकांचा सल्ला होता. तो मी पाळला. त्या महिनाभरात धुणे गच्चीवर गेले, घरातील बोलणे मोजके झाले, आणि समोरच्या बिऱ्हाडातील लहान मुलाने आम्ही पोहण्याचा तलाव बांधीत आहोत अशी वदंता सर्वत्र पसरवली.

मग माती आली. मातीचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 600 चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे बरोबर एक ब्रास, हे गणित मी तोंडी केले आणि त्याचा मला फार हर्ष झाला. हर्षाच्या भरात एक गोष्ट विसरलो. टेम्पो परसात जाऊ शकत नव्हता; घर आणि कुंपण यांमधला बोळ तीन फुटांचा. लाल मातीचा तो ढीग फाटकासमोर ओतून टेम्पोवाला निघून गेला. एका घमेल्यात अर्धा घनफूट माती मावते असे धरले तर 200 फेऱ्या. शेणखत वेगळे. पहिल्या दिवशी 31 फेऱ्या झाल्यावर मी बोळात बसून माळीबुवांच्या अंदाजपत्रकाचा मनोमन फेरविचार केला, आणि त्यात मला एकही त्रुटी सापडली नाही. उरलेल्या फेऱ्यांना चार दिवस लागले.

माती पसरून, दंताळ्याने सारखी करून, दोरी आणि पाणसळ लावून मी उतार काढला. नळी सोडून परीक्षा घेतली, तेव्हा पाण्याने कुंपणाची वाट न धरता सरळ स्वयंपाकघराच्या दाराची वाट धरली.

"अहो, उतार घराकडे दिलात की काय?" उंबऱ्यातून प्रश्न आला.

नजरचुकीने म्हणावे, तर दोन दिवस मोजमाप चालले होते. आणखी दोन दिवस उलट दिशेने ओढण्यात गेले.

सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून जून महिन्यात मेक्सिकन म्हणून विकल्या जाणाऱ्या गवताच्या फूटभर लांबीरुंदीच्या 600 लाद्या आल्या. त्या विटांच्या थराप्रमाणे सांधा मोडून बसवायच्या, म्हणजे एका ओळीचा सांधा पुढच्या ओळीच्या सांध्यासमोर येत नाही, हे मी वाचून ठेवले होते. लादी बसली की वर फळी टाकून दाबायची. माझे वजन अपुरे पडते असे पाहून पत्नी आपण होऊन फळीवर उभी राहिली, आणि मी पुढे पुढे फळी सरकवीत गेलो व ती पावलोपावली मागून येत राहिली. सप्तपदीनंतर आम्ही इतके एकदिलाने चाललो असू असे मला आठवत नाही.

हा सुखाचा काळ एकोणिसाव्या ओळीपर्यंत टिकला. विसाव्या ओळीत एका टोकाला लादी निम्मी कापूनही मावेना आणि दुसऱ्या टोकाला वीतभर जमीन उघडी राहिली. सोसायटीच्या मंजूर नकाशात आमचा भूखंड चारही बाजूंनी काटकोनात आहे. त्या नकाशाची सहीशिक्क्याची नक्कल माझ्या कपाटात आहे. भूखंड मात्र काटकोनात नाही. 33 फूट लांबीची, 16 आण्यांची मोजणी साखळी ज्या खात्याने गावोगाव ओढली, त्या खात्याच्या मनुष्याने नकाशावर विसंबून आपल्याच परसात फीत लावून पाहू नये, ही गोष्ट मी प्राध्यापकांपासून लपवण्याचा यत्न केला. ते अर्थात कुंपणावरून सारे पाहत होते.

पुढचे दहा दिवस नव्या गवताला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे होते, आणि नेमक्या त्याच सुमारास खडकवासल्याची पातळी खालावून शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले. कपडे विसळलेले, भाज्या धुतलेले, एकदा तर पाहुण्यांसाठी काढून ठेवलेले पाणीही मी त्या लाद्यांच्या मुखी घातले. मग पाऊस लागला. लाद्यांचे सांधे बुजले, काठ एकमेकांत मिसळले, आणि परस खरोखरच वडिलांनी सायकलवरून पाहिलेल्या त्या गालिच्यांसारखे दिसू लागले. अनवाणी चालून पाहिले. तळव्याला गुदगुल्या झाल्या.

सतराव्या दिवशी सकाळी त्या गालिच्यावर एक काडी इतरांहून बोटभर उंच दिसली. ती फिकट, चकचकीत हिरवी होती आणि फारच ताठ होती. मी उकिडवे बसून तिची दांडी दोन बोटांत फिरवली. गवताची दांडी बोटांत गोल फिरते. ही फिरता फिरता अडखळली, कारण तिला तीन धारा होत्या. आता हा माझ्या जमिनीत राहिलेल्या जुन्या गाठीचा वंशज, की लादीबरोबर रोपवाटिकेतून विनामूल्य आलेला उपरा, हा वारसाचा वाद कोणत्या कचेरीत दाखल करावा या विवंचनेत मी असतानाच, चार हातांवर आणखी दोन काड्या दिसल्या.

खणून काढलेल्या जुन्या गवताचे काय झाले ते सांगायचे राहिलेच. घंटागाडीवाल्याने मातीचा कचरा घेण्यास साफ नकार दिला होता, म्हणून हरळीच्या मुळ्या, गाठी आणि माती यांचा तो छातीइतका ढिगारा आंब्यामागे कुंपणाच्या कोपऱ्यात, पालापाचोळ्याच्या खड्ड्याशेजारी मी रचून ठेवला होता आणि मग विसरून गेलो होतो.

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माळीबुवा त्यांच्या वस्तीतील मंडळाची वर्गणी मागायला आले. त्यांना मी आग्रहाने परसदारी नेले. पायरीवर उभे राहून त्यांनी नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, झकास धरलीय की! अशी दाट हिरवळ आमच्या हातनं बी व्हायची न्हाई."

मी नम्रतेने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा लक्षात आले की त्यांची दृष्टी माझ्या गवतावरून पलीकडे, आंब्यामागच्या ढिगाऱ्यावर स्थिर झालेली आहे. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत त्यावर मातीचा कण दिसत नव्हता. हरळी चारही अंगांनी लोंबत होती, तिच्यातून लव्हाळ्याचे तुरे वर आले होते, आणि साळुंक्याही आता तेथेच राहायला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने हातात तबक दिले आणि एकवीस दूर्वा आणायला सांगितले. मी सवयीने हिरवळीकडे वळलो.

"तिकडे कशाला?" ती म्हणाली. "त्या मेक्सिकनच्या चालायच्या नाहीत. उकिरड्यावरच्या आणा. आणि कोवळ्या बघून घ्या."